पीसी जोडताय? आधी वही-पेन घ्या

तुमच्या घरात टेबलाखालच्या त्या काळ्या डब्याला काय म्हणतात? सीपीयू, बरोबर? आमच्याकडेही तेच म्हणतात. त्यामुळे गेल्या वर्षी जूनमध्ये लॅमिंग्टन रोडवरच्या पहिल्याच दुकानात मी मोठ्या ऐटीत सांगितलं, "सीपीयू बनवायचाय." काउंटरमागच्या माणसानं वर न बघताच विचारलं, "कौनसा दूँ? इंटेल या एएमडी?" मी म्हटलं, "नाही, म्हणजे अख्खा सीपीयू." तो हसला. आणि मग माझ्याशी बोलायचं सोडून, फक्त खोके उचलायला म्हणून सोबत आलेल्या माझ्या मित्राशी बोलायला लागला. त्या बिचाऱ्याला पेनड्राइव्हच्या पलीकडे काही कळत नाही.

तर पहिली गोष्ट ही. बाजारात सीपीयू म्हणजे प्रोसेसर, साधारण चार सेंटिमीटरचा चौकोनी तुकडा. डब्याला म्हणायचं कॅबिनेट. आणि यूट्यूबवर सगळे ज्याला पीएसयू म्हणतात, त्याला आपल्याकडच्या दुकानात एसएमपीएस म्हणतात. हे तीन शब्द जागच्या जागी वापरलेत तरी समोरचा तुम्हाला निम्मं कमी गंडवतो.

मला पीसी हवा होता एडिटिंगसाठी. शेवटच्या वर्षाची डॉक्युमेंटरी करायची होती, कॉलेजची एडिटिंग लॅब संध्याकाळी पाचला बंद व्हायची आणि माझा चार जीबी रॅमचा लॅपटॉप टाइमलाइनवर दोन क्लिप टाकल्या की मान टाकायचा. बजेट ५५ हजार. त्यातले २५ हजार माझे, लग्नांचे आणि बारशांचे व्हिडिओ एडिट करून साठवलेले. उरलेले ३० आईचे. तिची भिशी लागली होती. ती म्हणाली, "घे, पण परत हवेत. आणि ते सगळं तूच जोडणार म्हणतेस, मग बिघडलं तर?" बाबांचा मुद्दा वेगळा होता. त्यांच्या पिढीत 'असेंबल्ड' म्हणजे गल्लीतल्या कोणीतरी आणून दिलेला, पायरेटेड विंडोज टाकलेला, दर दिवाळीला फॉरमॅट करावा लागणारा डबा. "त्यापेक्षा ब्रँडेड घे ना," हे त्यांनी आठवडाभर रोज म्हटलं.

आईच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे तेव्हा नव्हतं. आता आहे, म्हणून हे लिहितेय.

आधी स्वतःला विचारा

तुम्ही हॉस्टेलवर राहता आणि दर सहा महिन्यांनी रूम बदलता? लॅपटॉप घ्या, हा लेख इथेच सोडलात तरी चालेल. फक्त असाइनमेंट टाइप करायची, पीपीटी बनवायची आणि सिनेमे बघायचे? मग नवा पीसी जोडण्यापेक्षा ऑफिसांमधून निघालेला रिफर्बिश्ड डेस्कटॉप कितीतरी स्वस्त पडतो आणि हे काम तो आरामात करतो. (फक्त त्यात पुढे मोठं ग्राफिक्स कार्ड टाकायची स्वप्नं बघू नका. अशा मशीनचा एसएमपीएस आणि कॅबिनेट बहुतेकदा कंपनीच्या आपल्याच मापाचे असतात.)

जोडायचाच असेल तो गेमिंग, व्हिडिओ, थ्रीडी, जड कोडिंग असं काहीतरी करायचं असेल तर. किंवा दोन वर्षांनी रॅम वाढवू, चार वर्षांनी कार्ड बदलू, असा हप्त्याहप्त्यानं वाढणारा पीसी हवा असेल तर. आमच्यासारख्यांना खरा फायदा या दुसऱ्या गोष्टीचा आहे.

आणि एक सावधगिरीची सूचना. गेल्या वर्षाच्या अखेरीपासून रॅमचे भाव भलतेच चढलेत. एआयच्या डेटा सेंटर्सना मेमरी हवीय आणि चिप बनवणाऱ्या कंपन्या आधी त्यांच्याकडे बघतायत. मायक्रॉननं तर डिसेंबर २०२५मध्ये 'क्रुशल' हा ग्राहकांसाठीचा ब्रँड बंद करणार असल्याचं जाहीरच केलं. त्यामुळे '५० हजारात बेस्ट पीसी' असे वर्षभरापूर्वीचे व्हिडिओ बघून घरी आकडा सांगू नका. त्याच आठवड्याचे भाव बघा आणि मगच आईबाबांशी बोला.

वहीतलं पान

दुकानात जायच्या आधी माझा मावसभाऊ, म्हणजे दादा, कामाला आला. तो नाशिकला असतो, सगळं फोनवरूनच. त्यानं पहिलं वाक्य सांगितलं ते असं: "अगं, स्क्रू कोणीही आवळतं. आधी कागदावर जोड, मग टेबलावर." त्यानं मला वहीत आठ ओळी लिहायला लावल्या: प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, ग्राफिक्स कार्ड, एसएमपीएस, कॅबिनेट, कूलर. प्रत्येक ओळीपुढे 'हे कोणाशी जुळलं पाहिजे' असा रकाना. पत्रिका जुळवतात तसंच, फक्त इथे खरंच काहीतरी अवलंबून असतं.

सगळ्यात महत्त्वाची जुळणी प्रोसेसर आणि मदरबोर्डची. प्रोसेसर ज्या खाचेत बसतो तिला सॉकेट म्हणतात. एएमडीचे रायझन ५००० मालिकेपर्यंतचे प्रोसेसर एएम४ सॉकेटचे. २०२२ पासून आलेले ७००० आणि त्यापुढचे एएम५चे. इंटेलच्या १२, १३ आणि १४व्या पिढीला एलजीए १७०० लागतं, तर २०२४च्या शेवटी आलेल्या डेस्कटॉपच्या कोअर अल्ट्रा २०० मालिकेला एलजीए १८५१. एकाचा दुसऱ्यात बसत नाही. जोर लावून तर अजिबातच नाही.

दुसरी जुळणी रॅमची. एएम५ला फक्त डीडीआर५ चालते, एएम४ला फक्त डीडीआर४. इंटेलच्या एलजीए १७००मध्ये दोन्ही प्रकारचे बोर्ड मिळतात, म्हणजे बोर्डाच्या नावापुढे काय लिहिलंय ते बघावं लागतं. डीडीआर४ची खाच डीडीआर५पेक्षा वेगळ्या जागी असते, त्यामुळे चुकीची रॅम बसणारच नाही. पण ते घरी आल्यावर कळून उपयोग काय?

आता माझी निवड. मी एएम४वर रायझन ५ ५६०० घेतला, बी५५० चिपसेटचा बोर्ड, आठ-आठ जीबीच्या दोन रॅम, एक टीबीची एनव्हीएमई एसएसडी आणि आरटीएक्स ३०५० कार्ड. मॉनिटर घरातला जुनाच. एएम४ हे जुनं सॉकेट, त्यावर यापुढे फारसं नवं काही येणार नाही हे मला माहीत होतं. एएम५ला २०२७ आणि पुढेही नवे प्रोसेसर देत राहू असं एएमडीनं म्हटलंय, त्यामुळे तुमच्याकडे थोडे जास्त पैसे असतील तर तिकडे जा. माझ्याकडे नव्हते. प्रोसेसर-बोर्ड-रॅममध्ये वाचले ते मी कार्डात घातले, कारण एडिटिंगला मला तेच हवं होतं. तुमचं काम कोडिंगचं असेल तर उलटं करा. कार्ड घेऊच नका, प्रोसेसर आणि रॅमवर खर्च करा.

कार्ड घ्यायचं नसेल तर एक अक्षर जपा. इंटेलच्या प्रोसेसरच्या आकड्यानंतर 'एफ' असेल, तर त्यात चित्र दाखवायची सोयच नाही. वेगळं कार्ड लागतंच. 'एफ'वाला थोडा स्वस्त असतो, म्हणून तो पटकन गळ्यात मारला जातो. एएमडीत माझा ५६०० तसाच, स्वतःचं ग्राफिक्स नसलेला. त्याच घरातल्या ५६००जीमध्ये मात्र आहे, आणि बरं आहे. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे याच कारणानं मी रात्री बारा वाजता रडणार आहे.

बाकी राहिल्या मापाच्या गोष्टी. बोर्ड एटीएक्स की मायक्रो एटीएक्स, तो कॅबिनेटमध्ये मावतो का, कार्डाची लांबी किती, कूलरची उंची किती. सगळं कंपन्यांच्या साइटवर मिलिमीटरमध्ये लिहिलेलं असतं. आणि बोर्ड जुना, प्रोसेसर त्यानंतर आलेला असेल, तर दुकानदाराला विचारा, "बायोस अपडेटेड है क्या?" नसेल तर तिथेच करून घ्या. नाहीतर घरी सगळं बरोबर जोडूनही पीसी उठत नाही आणि तुम्ही स्वतःला दोष देत बसता.

लॅमिंग्टन रोडवर

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ग्रँट रोड स्टेशनला पूर्वेला उतरायचं आणि पाचेक मिनिटं चालायचं. अधिकृत नाव डॉ. भडकमकर मार्ग, पण १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचा गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टनचं नाव काही लोकांच्या तोंडून जात नाही. दिल्लीला नेहरू प्लेस, बेंगळुरूला एसपी रोड, तसा आपला हा. रविवारी जाऊ नका, बहुतेक शटर खाली असतात.

तीन दुकानांतून भाव लिहून घ्या. तोंडी नाही, कागदावर, मॉडेल नंबरसकट. '५५० वॅटचा एसएमपीएस' हे मॉडेल नाही. 'चांगल्या कंपनीची १६ जीबी रॅम' हे तर काहीच नाही. पहिल्यांदा भाव सांगताना विचारा, "ये बिल के साथ है ना? जीएसटी जोडके?" कम्प्युटरच्या भागांवर १८ टक्के जीएसटी आहे, आणि बऱ्याचदा जो भाव ऐकून आपण हुरळतो तो कच्च्या बिलाचा असतो. कच्चं बिल म्हणजे चिठ्ठी. प्रोसेसर तीन वर्षांच्या वॉरंटीचा असतो, आणि दोन वर्षांनी तो बिघडला तर सर्व्हिस सेंटरला ती चिठ्ठी दाखवून काहीही होत नाही. पक्कं बिल घ्या, त्यावर प्रत्येक भागाचा सीरियल नंबर लिहून घ्या, आणि खोक्यावरचा नंबर आतल्या वस्तूवरच्या नंबराशी तिथेच ताडून बघा. दुकानदार कंटाळतो. कंटाळू दे.

प्रोसेसर 'ट्रे'मधला स्वस्त देतो म्हणाले, तर नको म्हणा. तो खोक्याशिवाय येतो, कूलर नसतो आणि वॉरंटी बहुधा त्या दुकानाच्या शब्दावर असते.

आता एसएमपीएसची गोष्ट. मी ठरवलेलं मॉडेल होतं ५५० वॅटचं, नावाजलेल्या कंपनीचं, पाच वर्षांच्या वॉरंटीचं. यादीत तेच लिहिलेलं, भाव तोच ठरलेला. पैसे द्यायच्या आधी खोके मोजताना बघितलं तर दुसऱ्याच नावाचा एसएमपीएस. हातात घेतला तर फराळ संपलेल्या डब्याइतका हलका. मी विचारलं तर उत्तर आलं, "मॅडम, वो आउट ऑफ स्टॉक है. ये भी साढ़े पाँच सौ का ही है. वॅट तो वॅट होता है."

वॅट वॅट नसतो, मंडळी. स्टिकरवर काहीही छापता येतं. एसएमपीएस घरातल्या २३० व्होल्टच्या एसी करंटपासून १२, ५ आणि ३.३ व्होल्टचा डीसी बनवतो आणि तो तुमच्या प्रत्येक महागड्या भागात पोचवतो. चांगल्यात शॉर्टसर्किट झालं, व्होल्टेज वाढलं, लोड जास्त झाला तर स्वतःहून बंद पडायची सोय असते. भुरट्यात ती असेलच असं नाही, आणि तो जाताना एकटा जात नाही, बोर्ड आणि कार्डाला बरोबर घेऊन जातो. '८० प्लस ब्राँझ' वगैरे शिक्का बघायचा, पण तो शिक्का फक्त वीज किती वाया जात नाही हे सांगतो. आतला माल किती टिकेल हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी वॉरंटी किती वर्षांची ते बघा. कंपनीला स्वतःच्या मालावर किती विश्वास आहे ते त्यातून दिसतं. वॅट किती हवेत हा प्रश्न सोपा आहे. ग्राफिक्स कार्ड बनवणारी कंपनी किती वॅटचा एसएमपीएस हवा ते लिहितेच.

मी ते दुकान सोडलं. मित्र म्हणाला, "अगं, अकराशे रुपयांसाठी कशाला?" पुढच्या दुकानात माझं मॉडेल अकराशेनं महाग मिळालं, त्यासाठी मी कॅबिनेट साधं घेतलं, रंगीत दिव्यांचे पंखे नसलेलं. माझ्या मते हा मी त्या दिवशी घेतलेला सगळ्यात चांगला निर्णय. दिव्यांवर पैसे घालून एसएमपीएस स्वस्त घेणारे माझ्या ओळखीत चार जण आहेत, त्यातल्या एकाचा बोर्ड जळालाय.

तुमच्या गावात असं मार्केट नसेल आणि ऑनलाइन मागवणार असाल, तर खोका सील तोडण्यापासून शेवटपर्यंत एका सलग व्हिडिओत उघडा. लेबल आणि सीरियल नंबर दिसला पाहिजे.

जेवणाच्या टेबलावर

जोडायला मला साडेतीन तास लागले. जेवणाचं टेबल, एक मध्यम आकाराचा फुलीचा स्क्रूड्रायव्हर (टोकाला चुंबक असलेला घ्या, नाहीतर कॅबिनेटच्या पोटात पडलेला स्क्रू शोधताना आयुष्य जातं), आणि स्क्रू ठेवायला स्टीलच्या तीन वाट्या. सतरंजीवर बसून करू नका. अंगातली स्थिर वीज काढायला अधूनमधून कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला हात लावायचा. मुंबईच्या जूनच्या दमट हवेत तिचा त्रास कमी होतो, पण हिवाळ्यात विदर्भात जोडणार असाल तर जास्त जपा. स्वेटर घालून तर नकोच.

बोर्ड आधी कॅबिनेटमध्ये घालू नका. बोर्डाच्याच खोक्यावर ठेवून त्याला प्रोसेसर, रॅम, एसएसडी आणि कूलर बाहेरच लावून घ्या.

प्रोसेसरच्या एका कोपऱ्यावर बारीक त्रिकोण असतो, तसाच सॉकेटवर. दोन्ही एकाच कोपऱ्यात आणायचे, तरफ उचलायची आणि प्रोसेसर वर नुसता ठेवायचा. तो स्वतःच्या वजनानं बसतो. बसला नाही तर उचला आणि परत ठेवा, दाबू नका. एएम४मध्ये पिना प्रोसेसरला असतात, इंटेल आणि एएम५मध्ये बोर्डाला. वाकली तर दोन्हीकडे दुःख सारखंच. इंटेलची तरफ बंद करताना चांगलाच जोर लागतो आणि करकर आवाज येतो, तेव्हा घाबरू नका. वरची प्लास्टिकची टोपी आपोआप उडते. ती टोपी जपून ठेवा, बोर्ड वॉरंटीत द्यायचा झाला तर लागते.

रॅम मात्र दाबावी लागते, आणि आपण समजतो त्यापेक्षा जास्त. टक् असा आवाज येईपर्यंत. चार खाचा असतील आणि दोन रॅम असतील, तर प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत लावा. शेजारीशेजारी लावल्या तर दोन्ही एकदम काम करत नाहीत आणि वेग कमी होतो. बोर्डाच्या पुस्तिकेत चित्र असतंच. खरं तर त्या पुस्तिकेइतकी उपयोगी गोष्ट खोक्यात दुसरी नाही, आणि आपण ती पहिली बाजूला टाकतो.

कूलरच्या तळाला लावलेली पेस्ट बघून घ्या. प्रोसेसरबरोबर आलेल्या कूलरला बहुधा ती आधीच लावलेली असते, बोटानं पुसू नका. वेगळा कूलर घेतला तर मटारच्या दाण्याएवढी पेस्ट पुरे, आणि तळाला चिकटवलेला प्लास्टिकचा कागद काढायचा. हसू नका, तो तसाच राहून गेलेल्या पीसीचे फोटो इंटरनेटवर ढिगानं आहेत. माझ्या कूलरसाठी बोर्डावरच्या दोन प्लास्टिकच्या पट्ट्या काढायच्या होत्या. त्या काढल्या आणि बोर्डामागची लोखंडी प्लेट धप्पकन टेबलावर पडली. आई स्वयंपाकघरातून, "काय फुटलं?" काही नाही, तिला धरूनच ठेवायचं असतं. चार स्क्रू समोरासमोरच्या कोपऱ्यांत थोडे थोडे आवळत जा.

मग बोर्ड कॅबिनेटमध्ये. आधी दोन गोष्टी बघा. एक, कॅबिनेटच्या पत्र्यावर पितळी उभे खिळे असतात, त्यांना स्टँडऑफ म्हणतात. ते बोर्डाच्या भोकांखालीच हवेत, दुसरीकडे एखादा राहिला तर बोर्डाला मागून टेकून शॉर्ट करतो. दोन, मागच्या पोर्टांची पत्र्याची चौकट, आयओ शील्ड. काही बोर्डांना ती जोडूनच येते. माझी वेगळी होती. बोर्डाचे सगळे स्क्रू आवळून झाल्यावर ती मला टेबलावर दिसली. सगळे स्क्रू पुन्हा काढले. वीस मिनिटं आणि एक कप चहा.

एसएमपीएसच्या केबल्समध्ये मुख्य दोन: बोर्डाची २४ पिनांची जाड, आणि प्रोसेसरची ८ पिनांची, जी वरच्या डाव्या कोपऱ्यात लागते आणि हमखास विसरली जाते. कार्डाला वेगळी केबल लागत असेल तर तिचे सहा आणि दोन असे भाग पडतात, प्रोसेसरच्या केबलचे चार आणि चार. दिसायला सारख्या, पण एकमेकींच्या जागी लावायच्या नाहीत. आणि सुट्या केबलवाला मॉड्युलर एसएमपीएस असेल, तर मित्राच्या दुसऱ्या एसएमपीएसची केबल कधीही वापरू नका. टोकं बसतात, आतल्या तारा वेगळ्या असू शकतात आणि भाग जळतो.

शेवटी कॅबिनेटच्या बटणाच्या केसाएवढ्या वायरी. पॉवर स्विचची वायर उलटसुलट कशीही चालते. दिव्यांच्या वायरींना मात्र प्लस-मायनस असतं.

काळी स्क्रीन

रात्री साडेअकराला बटण दाबलं. पंखे फिरले. कार्डाचे पंखे फिरले. मॉनिटरवर आलं, 'नो सिग्नल'.

केबल काढून लावली. रॅम काढून लावली. एक-एक रॅम लावून बघितली. आई दारात उभी होती, काही बोलत नव्हती, आणि ते जास्त वाईट होतं. माझ्या डोक्यात ३० हजारांची भिशी आणि "त्यापेक्षा ब्रँडेड घे ना" आलटून पालटून वाजत होतं. बाराला मी दादाला व्हिडिओ कॉल लावला आणि बोलायच्या आधी रडले.

तो म्हणाला, "आधी रडणं थांबव आणि मला बोर्ड दाखव. कोपऱ्यात चार बारीक दिवे आहेत, त्यातला कुठला लागलाय?" पुष्कळ बोर्डांवर ते असतात, प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स आणि बूट असे चार. जिथे अडलंय तो दिवा पेटून राहतो. माझा एकही पेटला नव्हता. म्हणजे पीसी पूर्ण चालू होता. दादा क्षणभर गप्प बसला, मग म्हणाला, "मॉनिटरची केबल कुठे लावलीयस?"

मागे. एचडीएमआयच्या पोर्टात. मदरबोर्डच्या.

ज्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्सच नाही हे मी स्वतः वहीत लिहिलं होतं, त्याच्या बोर्डाच्या पोर्टातून मी चित्र मागत होते. केबल चार इंच खाली, कार्डाच्या पोर्टात लावली. बायोसचा पडदा आला. आई म्हणाली, "एवढंच होतं?"

तेव्हा तिच्या त्या 'बिघडलं तर'चं उत्तर लिहून घ्या. पहिल्या दिवशी चालू न होणारा पीसी बहुतेक वेळा बिघडलेला नसतो, काहीतरी नीट बसलेलं नसतं. या क्रमानं बघा: भिंतीवरचा आणि एसएमपीएसच्या मागचा स्विच, प्रोसेसरची ८ पिनांची केबल, रॅम टक् झाली का, मॉनिटर कार्डाला लावलाय का, मग ते चार दिवे. डीडीआर५ असेल तर पहिल्यांदा सुरू करताना काही मिनिटं काळी स्क्रीनच राहते, रॅमची जुळवाजुळव चाललेली असते. त्यावेळी बटण बंद करू नका, चहा ठेवा. जळका वास किंवा धूर आला तर मात्र लगेच भिंतीवरून बंद करा आणि तिथेच थांबा.

एक गोष्ट खरंच धोक्याची आहे, ती वेगळी सांगते. कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या आल्या, तर तुमच्या सॉकेटला अर्थिंग नाही. जुन्या चाळी आणि बिल्डिंगांत तीन भोकांच्या सॉकेटमागे दोनच तारा असतात. आमच्याकडेही तसंच निघालं. इलेक्ट्रिशियनला बोलवा, अर्थिंग करून घ्या, मगच पीसी वापरा. तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या अडॉप्टरमध्ये खुपसणं हा उपाय नाही. लाइट जाणाऱ्या भागात राहत असाल तर यूपीएसचे पैसे बजेटमध्ये आधीच धरा, आणि त्यावरचा ६०० व्हीए हा आकडा वॅट समजू नका. तो साधारण ३६० वॅटच देतो.

बायोस दिसल्यावर बाकी सोपं आहे. दुसऱ्या कम्प्युटरवर ८ जीबीच्या पेनड्राइव्हमध्ये मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून विंडोज ११ उतरवून घ्या. विंडोज १०ला फुकट अपडेट देणं १४ ऑक्टोबर २०२५ला बंद झालंय, जुन्या सीडीच्या नादी लागू नका. विंडोजचे पैसे वाचवायचे असतील तर क्रॅकपेक्षा उबंटू बरं. आणि बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी (एएमडीच्या डीडीआर५ला एक्स्पो) चालू करा, नाहीतर महागाची रॅम कमी वेगानं चालत राहते आणि तुम्हाला कळतही नाही. मला तीन आठवड्यांनी कळलं.

डॉक्युमेंटरी वेळेत झाली. आईचे २४ हजार परत केलेत, सहा बाकी आहेत, येत्या लग्नसराईत देईन. बाबा आता त्याच पीसीवर मॅच लावतात. सगळे रिकामे खोके माळ्यावर आहेत, कारण वॉरंटीला सीरियल नंबराचा खोका लागू शकतो. आईनं गणपतीच्या साफसफाईत ते रद्दीवाल्याला देता देता मी वाचवले. आता प्रत्येकावर मार्करनं लिहून ठेवलंय: २०२८पर्यंत हात लावू नये.